संकटकाळीं दूरचा वैद्य आणि जवळचा माणूस

मृगाच्या तोंडावर प्रत्येक शेतकरी आपल्या घराची व शेताची पाहणी करतो. कौलें परततो, बांध घालतो, बियाणें ऊन देऊन कोरड्या जागीं ठेवतो, गुरांची वैरण झांकतो. ही तयारी वाडवडिलांनीं अनुभवानें घालून दिलेली आहे आणि तिच्यांत सहसा कोणी चुकत नाहीं. परंतु पुरानें रस्ता बंद पडला, वीज गेली, आणि अशा वेळीं घरांत कोणी तापानें फणफणला किंवा कोणास पान लागलें, तर खबर कोणत्या वाटेनें जावयाची आणि वैद्याचा सल्ला कोणत्या वाटेनें यावयाचा, याची पाहणी पावसाळ्यापूर्वीं करणारें गांव आम्हांस क्वचितच आढळतें. या एका उणिवेकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोणी विचारील कीं, शेतकीच्या मासिकांत या विषयाची चर्चा कशास? आमचें उत्तर असें कीं, पुराच्या पाण्यांत प्रथम उतरतो तो शेतकरीच. गुरें सोडण्यास, पंप काढून आणण्यास, बांध फोडून पाण्यास वाट करून देण्यास त्यालाच जावें लागतें. पीक गेलें तर पुढील हंगामीं पुन्हां पेरतां येतें. पेरणारा हात गेला तर त्या घराचे सारेच हंगाम बुडतात.

आमच्या मीरा-भाईंदरचेंच उदाहरण घ्या. हें नांव काढलें कीं हल्लीं लोकांच्या डोळ्यांपुढें उंच इमारती येतात, आणि तें खरेंही आहे. १९८५ सालीं येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत वस्ती आठ लाखांवर गेली. पण भाईंदर स्टेशनापासून पश्चिमेस निघालें म्हणजे मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली, चौक हीं जुनीं गांवें लागतात. तेथें भाताचीं शेतें आहेत, भाजीचे मळे आहेत, मिठागरें आहेत, कोळीवाडे आहेत. उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस समुद्र. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती यांची गांठ पडली म्हणजे सखल भागांतलें पावसाचें पाणी उतरत नाहीं. मोठें सार्वजनिक रुग्णालय, म्हणजे पंडित भीमसेन जोशी यांच्या नांवाचें, भाईंदरास आहे. आणि उत्तनच्या माणसाचा तिकडे जाण्याचा मुख्य रस्ता एकच. तो पाण्याखालीं गेला म्हणजे आठ लाखांच्या शहराचा नागरिक असूनही तो माणूस एखाद्या दूरच्या बेटावरच्या रहिवाशाप्रमाणें एकटा पडतो.

२६ जुलै २००५ चा दिवस या भागांतील कोणी विसरणार नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधींत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच मुंबईच्या दोन टोकांस एवढा फरक! एका ठिकाणचें पर्जन्यमापक पाहून दुसऱ्या ठिकाणची अवस्था कळत नाहीं, प्रत्येक गांवाची खबर त्या गांवांतूनच निघाली पाहिजे, हा त्यांतील पहिला धडा. परंतु त्याच रात्रीं उपनगरांत वीज बंद होती आणि टेलिफोन व मोबाइल मुके झाले होते. म्हणजे खबरेची गरज जेव्हां सर्वांत अधिक, तेव्हांच तिची वाट बंद झाली. महाराष्ट्रांत त्या अतिवृष्टीनें हजाराहून अधिक माणसें दगावलीं.

डोंगराळ भागांतील दोन उदाहरणें याहूनही बोलकीं आहेत. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत माळीण गांवावर डोंगर कोसळला व सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. ही बातमी बाहेर नेली ती कोणत्याही यंत्रानें नव्हे, तर नेहमींच्या फेरीवर आलेल्या एस. टी. च्या चालकानें, गांव जेथें दिसावयास पाहिजे तेथें त्यास चिखलाचा ढीग दिसला. पुढें २२ जुलै २०२१ रोजीं रायगड जिल्ह्यांत महाड तालुक्यांतील तळिये गांवची तीच गत झाली. त्या दिवशीं महाड शहर सावित्रीच्या पुरांत होतें, रस्ते तुटले होते, वीज व मोबाइल बंद होते. दरड दुपारनंतर कोसळली आणि बाहेरची मदत नीटपणें पोहोंचावयास दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक जीव गेले. खबर वेळेवर जाती तर सर्व वांचते, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या बाबतींत एकेक घटका मोलाची असते, आणि त्या घटका खबर नसल्यामुळें वायां गेल्या, हें नाकारतां येणार नाहीं.

साधनांची वाण सांप्रत नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. २०२३ सालीं देशांतील अनेकांच्या खिशांतले मोबाइल एकाएकीं मोठ्यानें वाजूं लागले व पडद्यावर सूचना उमटली. ती धोक्याचा इशारा देण्याच्या नव्या पद्धतीची चांचणी होती. नेहमींचा संदेश म्हणजे प्रत्येक घरीं वेगळी चिठ्ठी पोहोंचविणें; चिठ्ठ्या फार झाल्या कीं वाटणारा थकतो व वाट तुंबते. ही नवी पद्धति म्हणजे चावडीवरची दवंडी होय. मनोरा एकदांच पुकारा करतो आणि त्याच्या टापूंतील सर्व चालू मोबाइलांस तो एकाच वेळीं ऐकूं येतो. नौकांसाठींही अशीच सोय होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाच्या द्वारें संदेश देण्याघेण्याचीं यंत्रें बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. मोबाइलचा मनोरा जेथें पोहोंचत नाहीं तेथून तांडेलास आपली अडचण किनाऱ्यावर कळवितां येईल, असा तिचा उद्देश आहे.

परंतु दवंडी देणाराच आडवा झाला तर काय? मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली कीं तो कांहीं तास बॅटरीवर, कांहीं तास डिझेलवर निभावतो; आणि रस्ता तुटला कीं डिझेल पोहोंचत नाहीं. म्हणून एकाच साधनावर भिस्त ठेवणें म्हणजे सारें बियाणें एकाच कणगींत ठेवण्यासारखें आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमान-निकोबारचें दळणवळण तोडलें, तेव्हां पोर्ट ब्लेअर येथें परवाना घेऊन आलेली हौशी बिनतारी चालकांची एक तुकडी योगायोगानें होती. बेटांवरील माणसांचा ठावठिकाणा मुख्य भूमीस कळविण्याच्या कामीं त्यांचीं लहानशीं यंत्रें उपयोगी पडलीं. तें सुदैव होय. गांवाची व्यवस्था सुदैवावर सोंपवून चालत नाहीं. हौशी बिनतारीचा परवाना सरकारी परीक्षा देऊन कोणाही होतकरू तरुणास मिळूं शकतो. उपग्रहावर चालणारे फोन मात्र परवान्यावांचून बाळगणें आपल्या देशांत गुन्हा आहे, हें उत्साही मंडळींनीं लक्षांत ठेवावें.

आतां दूरच्या वैद्याकडे वळूं. तारायंत्रानें वा उपग्रहानें संकटग्रस्तांस वैद्यकीय साहाय्य देण्याची कल्पना नवी नाहीं. १९८५ सालीं मेक्सिको शहरांत भूकंप होऊन टेलिफोन बंद पडले, तेव्हां अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या द्वारें मदतकार्याचे निरोप गेले. डिसेंबर १९८८ मध्यें आर्मेनियांत भूकंप झाला. त्यानंतर १९८९ सालीं तेथील डॉक्टर व अमेरिकेंतील तज्ज्ञ यांनीं उपग्रहावरून समोरासमोर बोलून भाजलेल्या व जखमी रोग्यांविषयीं विचारविनिमय केला. त्या काळीं जें दोन बलाढ्य राष्ट्रांनीं मिळून केलें, तें आतां उत्तनच्या घरांतून करतां येण्यासारखें आहे. सरकारची ई-संजीवनी ही योजना २०१९ सालीं आरोग्यकेंद्रांसाठीं व एप्रिल २०२० पासून घरबसल्या रोग्यांसाठीं सुरू झाली, आणि तिला मोल पडत नाहीं. नोंदणीकृत डॉक्टरांनीं दूरून सल्ला कसा द्यावा, कोणतीं औषधें लिहावीं व कोणतीं लिहूं नयेत, याचे नियमही मार्च २०२० मध्यें ठरले आहेत.

या सोयीचा पुरांत खरोखर उपयोग किती? तीन रोगांचीं उदाहरणें देऊन सांगतों.

पहिला लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, कुत्रीं व आपलीं गुरेंढोरें यांच्या मुतांतून याचे जंतु पाण्यांत येतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेंतून माणसाच्या अंगांत शिरतात. ताप, पोटऱ्यांस ठणका, डोळे लाल, हीं त्याचीं लक्षणें. पाण्यांतून चालल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एकदोन आठवडे जातात, म्हणून रोग्यास त्या पाण्याची आठवणही राहत नाहीं. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत याचीच सांथ आली. येथें दूरचा वैद्य पुरेपूर उपयोगी आहे. चार प्रश्न विचारून त्यास संशय घेतां येतो, आणि आरंभीं द्यावयाचीं औषधें साधीं असून आरोग्यकेंद्रांत असतात.

दुसरें उदाहरण विंचवाचें. कोंकणांतील लाल विंचू चावला तर हृदयावर परिणाम होऊन माणूस दगावतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं प्राझोसिन या गोळीचा उपयोग यावर दाखवून दिला, आणि गंभीर रोग्यांत जें मरणाचें प्रमाण पूर्वीं शेंकडा चाळीसपर्यंत होतें तें शेंकडा एकाच्या आसपास आलें. गोळी स्वस्त आहे. दुर्मिळ असते तें ती केव्हां व किती द्यावी याचें ज्ञान. तें ज्ञान बिनतारी यंत्रावरूनही जाऊं शकतें.

तिसरें उदाहरण सर्पदंशाचें, आणि येथें दूरच्या वैद्याची मर्यादा दिसते. पुरांत बिळें भरलीं कीं साप उंचवट्यावर, म्हणजे आपल्या ओट्यावर व माळ्यावर येतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य आपलेच खेडूत बांधव होत. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषावरील लस टोचूनच द्यावी लागते व ती देतांना डॉक्टर उशाशीं असावा लागतो. फोनमधून लस टोंचतां येत नाहीं. दूरचा वैद्य येथें एवढेंच सांगेल कीं, रोग्यास हालवूं नका, चावल्या जागीं कापूं नका, करकचून बांधूं नका, आणि अमुक रुग्णालयांत लस आहे तिकडे न्या. पुढें होडी, खाट व चार खांदे लागतात.

या तीन उदाहरणांतून निघणारें अनुमान आमच्या मतें स्पष्ट आहे. दूरचा वैद्य ज्ञान देतो. औषध, हात व वाहन हीं जवळच्यांनींच द्यावयाचीं असतात. जवळ कांहींच तयार नसेल, तर दूरचें ज्ञान विहिरीच्या तळाशीं असलेल्या पाण्याप्रमाणें नुसतें दिसतें, ओठांस लागत नाहीं.

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतील. एक पक्ष म्हणेल कीं, घरोघर मोबाइल आहेत, मग या उठाठेवीची जरूर काय? त्यास तळियेचें उदाहरण पुरेसें आहे. शिवाय इशारा मिळाला म्हणजे तो पाळला गेला असें होत नाहीं. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळाची सूचना हवामानखात्यानें कांहीं दिवस आधींच दिली होती. तरीही १७ मे रोजीं मुंबईजवळच्या समुद्रांत, तेलविहिरींच्या क्षेत्रांत, कामगारांचा एक तराफा नांगर तुटून बुडाला व सुमारें सत्तर माणसें प्राणांस मुकलीं. खबर पोहोंचली होती. ती ऐकून हालण्याचा निर्णय झाला नव्हता. दुसरा पक्ष म्हणेल कीं, नाडी न पाहतां औषध सांगणाऱ्या कांचेंतल्या डॉक्टरावर आमच्या म्हाताऱ्या माणसांचा विश्वास बसत नाहीं. हा आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाहीं. परंतु विश्वास संकटाच्या रात्रीं उत्पन्न होत नसतो. तो कोरड्या दिवसांत, साध्या खोकल्यापडशाच्या वेळीं, ओळखीच्या आशाताईंच्या मध्यस्थीनें उत्पन्न करावयाचा असतो.

माणसें तयार केलीं म्हणजे काय घडतें हें ओडिशानें दाखविलें आहे. १९९९ च्या महावादळांत तेथें दहा हजारांच्या घरांत माणसें मेलीं. २०१३ सालीं फायलिन हें मोठें वादळ त्याच किनाऱ्यावर आलें, तेव्हां मृतांची संख्या पन्नासाच्या आंत राहिली. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह सुधारले हें खरें. परंतु त्याबरोबरच गांवोगांव निवारे बांधले गेले, स्वयंसेवक शिकविले गेले, आणि घरोघर जाऊन लाखो माणसें वेळेवर हालविण्याची सवय लागली. आमच्या ठाणें-पालघरच्या किनाऱ्यास हें अशक्य कां असावें?

म्हणून प्रत्येक गांवच्या शेतकरी मंडळानें व मच्छीमार सोसायटीनें एकत्र बसून पुढील गोष्टी वैशाखांतच कराव्या, अशी आमची सूचना आहे.

(१) जागा : शाळा, चर्च वा देवळाची धर्मशाळा, सोसायटीचें कार्यालय, यांपैकीं उंचवट्यावरील एक खोली ठरवावी. तिच्या छपरावर लहान सौर पाटी व आंत बॅटरी असावी. दिवा लागावा व मोबाइल चार्ज व्हावे एवढी वीज पुरे. तेथील फोनांत दोन निराळ्या कंपन्यांचीं कार्डें असावीं.

(२) माणसें : दोन पुरुष व दोन स्त्रिया निवडून त्यांस ई-संजीवनी चालविण्याचा व प्रथमोपचाराचा सराव द्यावा. बायकांचीं दुखणीं बायकांस सांगतां आलीं पाहिजेत. एका होतकरू तरुणास हौशी बिनतारीच्या परीक्षेस बसवावें, आणि गांवासाठीं बिनतारी संचाची मागणी महानगरपालिका व जिल्हाधिकारी यांजकडे लेखी करावी.

(३) वही : गर्भवती, मधुमेही, क्षयरोगी, नेमानें रक्तशुद्धि करून घेणारे व अंथरुणास खिळलेले यांचीं नांवें व चालू औषधें, त्यांच्या संमतीनें, कागदावर लिहून ठेवावीं व ती वही कुलपांत असावी. बॅटरी संपली तरी कागद वाचतां येतो. त्याच वहींत रुग्णवाहिकेचा १०८, तातडीच्या मदतीचा ११२, जिल्हा आपत्ति-कक्षाचा १०७७ व मन खचलेल्यांसाठीं असलेला १४४१६ हे क्रमांक असावे. पूर ओसरल्यावर बुडालेल्या शेताकडे पाहून जो अबोल होतो, त्यालाही वैद्याची गरज असते.

(४) पेटी : तापमापक, रक्तदाब मोजण्याचें यंत्र, रक्तांतला प्राणवायु मोजणारा चिमटा, जलसंजीवनी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, मलमपट्टी. बाकीचीं औषधें आरोग्यकेंद्राच्या सल्ल्यानें ठेवावीं. चार आंकडे सांगतां आले तर दूरच्या डॉक्टराचा सल्ला कितीतरी नेमका होतो.

(५) तालीम : मे महिन्यांत एके दिवशीं मुद्दाम वीज व सर्व मोबाइल बंद ठेवून खबर भाईंदरापर्यंत कशी जाते तें पाहावें. बिनतारीनें, होडीनें, कीं सायकलवाल्याकरवीं, हें त्या दिवशींच कळेल. आणि जें उणें पडेल तें भरून काढावयास हातीं वेळ राहील.

खर्चाचा प्रश्न येईलच. पण सौर पाटी, बॅटरी व पेटी यांस मिळून एका चांगल्या बैलजोडीहून कमी पैसे लागतील, आणि सोसायटीच्या सभासदांत वांटले तर कोणासही ते जड जाणार नाहींत. सरकारनें द्यावयाचें तें मागून घेतलेंच पाहिजे. २००५ चा आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा त्यासाठींच आहे. तथापि पाणी चढूं लागल्यावर पहिले काहीं तास गांव एकटाच असतो, आणि त्या तासांपुरतें सरकार म्हणजे आपण स्वतःच असतों.

आभाळांत उपग्रह फिरत आहेत आणि शहरांत तज्ज्ञ बसले आहेत. त्यांच्या व आपल्या ओट्याच्या मधलें अंतर मात्र शेवटच्या कोसभर वाटेंत आहे. ती वाट बांधणें हें मृगापूर्वींचें काम आहे. यंदा कौलें परततांना प्रत्येक मंडळानें हें एक काम अधिक अंगावर घ्यावें, आणि काय केलें तें या मासिकास कळवावें. इतर गांवांस त्यापासून शिकतां येईल.